कुलुपें तपासणारा प्राध्यापक : रॉस अँडर्सन



बँकेच्या भिंतींतील यंत्रांतून पैसे काढणें आज आपल्या घरोघरच्या मंडळींच्या अंगवळणीं पडलें आहे. कार्ड आंत सारावें, चार आंकडे दाबावे, नोटा मोजून घ्याव्या आणि पावती चुरगळून टाकावी, यापलीकडे त्या यंत्राचा विचार आपण करीत नाहीं. पण समजा, महिनाअखेरीस पासबुक भरून आणलें आणि आपण न काढलेली रक्कम त्यांत नांवें पडलेली दिसली. आपण बँकेंत गेलों, आणि तेथील तरुण अधिकारी शांतपणें म्हणाला, "काका, यंत्र चुकत नाहीं हो. तुम्हींच काढले असतील, नाहींतर घरांतल्या कोणीं तरी." आतां यंत्राविरुद्ध साक्ष द्यावयास कोण येणार? यंत्राचा जबाब घेतां येत नाहीं, त्याची उलटतपासणी करतां येत नाहीं, आणि त्याच्या पोटांत काय आहे हें पाहण्याचा अधिकार फक्त बँकेला! या पेचांत सांपडलेल्या सामान्य माणसाच्या बाजूनें जो विद्वान् तीस वर्षें उभा राहिला, त्या केंब्रिज विद्यापीठांतील रॉस अँडर्सन यांच्या कारकीर्दीचा इतिहास आज सांगण्याचें योजिलें आहे. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर. गणित शिकविण्यांत जन्म गेला. गुप्तलेखनशास्त्राच्या खोल पाण्यांत शिरण्याचा माझा अधिकार नाहीं. पण या गृहस्थांनीं जें दाखवून दिलें तें समजण्यास बेरीज-वजाबाकी आणि थोडें मनुष्यस्वभावाचें ज्ञान एवढें भांडवल पुरतें.

रॉस जॉन अँडर्सन यांचा जन्म १५ सप्टेंबर १९५६ चा. शालेय शिक्षण स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं झालें. पुढें केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत गणित व निसर्गविज्ञान यांचा अभ्यास करून १९७८ सालीं ते पदवीधर झाले. येथवर सारें सरळ. परंतु पदवीमागून प्रबंध आणि प्रबंधामागून अध्यापकी हा जो विद्यापीठांतला राजमार्ग, तो त्यांनीं धरला नाहीं. विमानांतील उपकरणें, मग बँकांचे संगणक, असें निरनिराळें काम करीत त्यांनीं चौदा वर्षें बाहेरच्या जगांत काढलीं. प्रभु रामचंद्रांचा वनवासही तेवढ्याच वर्षांचा होता! या वनवासांत अँडर्सन यांना जें दिसलें, तें विद्यापीठाच्या खुर्चींत बसून दिसलें नसतें. बँकेचे कारकून कुलुपाच्या किल्ल्या कशा सांभाळतात, तपासनीस कोणते कागद पाहतात व कोणते पाहत नाहींत, चूक झाली तर ती कोणाच्या माथीं मारली जाते, हें सारें त्यांनीं जवळून पाहिलें. १९९२ सालीं, छत्तिशीच्या सुमारास, ते पुन्हां केंब्रिजला आले आणि रॉजर नीडहॅम यांचे शिष्य झाले.

गुरूंविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. संगणकाच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्या पहिल्या पिढींतले हे गृहस्थ. अनेक माणसें एकच संगणक वापरूं लागलीं तेव्हां प्रत्येकाचा परवलीचा शब्द यंत्रांत लिहून ठेवावा लागे. ती यादी कोणाच्या हातीं लागली कीं सर्वांचीं दारें उघडीं! नीडहॅम यांनीं १९६० नंतरच्या दशकांत अशी तोड काढली कीं, मूळ शब्द मुळीं ठेवूंच नये. त्यावर एक अशी गणिती क्रिया करावी कीं जी पुढें जाते पण मागें येत नाहीं, आणि तिचें उत्तर तेवढें जपून ठेवावें. दळलेल्या पिठापासून पुन्हां गहूं करतां येत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार. पुढें १९७८ मध्यें मायकेल श्रोडर यांच्यासह त्यांनीं, तारेच्या दोन टोकांना बसलेल्या अनोळखी मंडळींनीं परस्परांची ओळख कशी पटवावी, याच्या रीती प्रसिद्ध केल्या. अवघ्या कांहीं ओळींच्या या रीती. पण त्यांपैकीं एकींतील छिद्र गॅव्हिन लो या संशोधकानें दाखविलें तें १९९५ सालीं, म्हणजे सतरा वर्षांनीं! त्याच वर्षीं गुरुशिष्यांनीं मिळून एक लेख लिहिला. त्याच्या नांवाचा भावार्थ "सैतानाच्या संगणकाशीं गांठ" असा करतां येईल. साध्या कामांत आपला झगडा दैवाशीं असतो. दैव आंधळें असतें. कधीं अडवतें, कधीं सोडतें. सुरक्षिततेच्या कामांत मात्र समोर असा शत्रु असतो कीं, जो नेमक्या घातक क्षणीं नेमकें घातक उत्तर देतो. हा फरक ज्याला उमगला नाहीं त्यानें या वाटेला जाऊं नये, असा त्या दोघांचा रोख होता.

आतां मूळ कथेकडे वळूं. १९९० च्या सुमारास इंग्लंडांत भिंतींतील यंत्रांतून परभारें पैसे गेल्याच्या तक्रारी वाढूं लागल्या. वर्तमानपत्रांनीं त्यांस "भुताटकीचे पैसे" अशा अर्थाचें नांव दिलें. बँकांचें उत्तर एकच : आमची यंत्रणा निर्दोष आहे, दोष ग्राहकाचा. अखेर सुमारें २००० ग्राहक एकत्र होऊन १३ बँकांविरुद्ध न्यायालयांत गेले, आणि त्यांच्या बाजूचे तज्ज्ञ म्हणून अँडर्सन यांना पाचारण झालें. नुकताच विद्यार्थी झालेला हा माणूस. पण बँकांच्या पोटांत काय चालतें हें ठाऊक असलेला, आणि शिवाय तें बोलून दाखविण्यास मोकळा असलेला, असा दुसरा कोण मिळणार? त्यांनीं एकेका प्रकरणाचा छडा लावण्यास आरंभ केला व निघालेला निष्कर्ष १९९३ सालीं अमेरिकेंतील एका परिषदेंत वाचला. "गुप्तलेखनाच्या यंत्रणा कां फसतात" हा त्या निबंधाचा विषय. या शास्त्रांत तो निबंध आजही आदरानें वाचला जातो, आणि गंमत अशी कीं त्यांत अवघड गणित जवळजवळ नाहींच.

त्यांतले कांहीं नमुने ऐका. एका बँकेचें यंत्र पावतीवर ग्राहकाचा पूर्ण खातेक्रमांक छापीत असे. चोर रांगेंत उभे राहात, पुढच्या माणसाचीं बोटें कोणत्या आंकड्यांवर पडतात तें पाहात, त्यानें फेंकलेली पावती उचलीत आणि घरीं जाऊन तसलेंच कार्ड बनवीत. दुसरी एक कथा अशी. कार्डाच्या काळ्या पट्टीवर ग्राहकाचा पिन गूढ लिपींत लिहिलेला असे, पण त्याची खातेक्रमांकाशीं गांठ घातलेली नव्हती. भामट्यांनीं आपल्याच कार्डावरील खातेक्रमांक पुसून तेथें परक्याचा लिहिला. पिन आपला, पैसे त्याचे! एका जातीच्या यंत्रांत, चौदा आंकडे विशिष्ट क्रमानें दाबले कीं दहा नोटा बाहेर पडत. यंत्र नीट चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कारखानदारानें ही सोय ठेवलेली. एका बँकेनें हे आंकडे आपल्या शाखांना पाठविलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेंत चक्क छापले. तीन वर्षांनीं अकस्मात् नोटा गळूं लागल्या. आणखी एका लहान संस्थेनें तर आपल्या सर्व ग्राहकांना एकच पिन देऊन ठेवला होता. यांवर काय बोलावें?

पण माझ्या मनांत घर करून राहिली आहे ती हेस्टिंग्ज गांवच्या एका गृहिणीची हकीकत. तिच्या बँकेंतील एका कारकुनानें तिच्या खात्यावर एक जादा कार्ड काढलें आणि तें आपल्या खिशांत घातलें. त्या बँकेच्या संगणकाची एक खोड होती : ग्राहकानें भिंतींतल्या यंत्राकडून हिशेबाची चिठ्ठी घेतली कीं, तीवरील नोंदी मग घरीं येणाऱ्या छापील हिशेबांत पुन्हां येत नसत. कारकुनाला ही खोड ठाऊक. तो पैसे काढी आणि लगेच चिठ्ठीही काढून घेई. बाईच्या घरीं जाणारा कागद स्वच्छ! अशा रीतीनें त्यानें दोनदोनशें पौंड त्रेचाळीस वेळां उचलले. करा गुणाकार : ८६०० पौंड. बाईनें अखेर तक्रार केली तेव्हां तिच्यावर कोणीं विश्वास ठेवला नाहीं. उलट तिलाच त्रास झाला. चोरी उघडकीस आली ती बँकेच्या दक्षतेनें नव्हे, तपासनीसांच्या हुशारीनेंही नव्हे. त्या कारकुनाचें मनच त्याला खाऊं लागलें आणि त्यानें कबुली दिली. त्याचें मन निबर असतें, तर ती बाई आपल्या शेजारणींच्या नजरेंत खोटारडीच राहिली असती.

या सर्व प्रकरणांचें सार अँडर्सन यांनीं मांडलें तें असें कीं, बँकांचें गूढलेखन सहसा कोणीं फोडलें नव्हतें. मोठमोठे गणिती ज्या हल्ल्यांची भीति घालीत होते, ते हल्ले झालेच नाहींत. कुलूप भक्कम होतें, पण किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवलेली होती. आणि हे दोष सुधारत कां नव्हते? कारण त्यांची चर्चाच होत नसे. विमान कोसळलें कीं त्याचा अहवाल साऱ्या जगापुढें ठेवला जातो, म्हणून पुढचें विमान अधिक चांगलें होतें. बँकेची चूक मात्र तिजोरींतच कुलुपबंद होते. विमानांचें काम केलेल्या माणसालाच हा भेद चटकन् दिसावा, हें स्वाभाविक आहे.

याच सुमारास केंब्रिजजवळच्या एका खेड्यांतील पोलीस शिपायाचें प्रकरण उपस्थित झालें. हा गृहस्थ १९९२ सालीं ग्रीसमधील सुट्टी संपवून घरीं आला तों त्याच्या खात्यांतून सहा वेळां मिळून ४६० पौंड गेलेले. त्यानें ज्या संस्थेंत पैसे ठेवले होते तिच्याकडे तक्रार केली. संस्थेनें म्हटलें, आमची यंत्रणा चुकत नाहीं. तेव्हां हा मनुष्य खोटी तक्रार करून पैसे उपटूं पाहत आहे. खटला भरला गेला, आणि १९९४ च्या प्रारंभीं कनिष्ठ न्यायालयानें त्याला दोषी ठरविलें! पोलिसाला फसवणुकीची शिक्षा, याचा अर्थ नोकरी, अब्रू, गांवांतलें स्थान, सगळ्यावरच पाणी. अँडर्सन बचावपक्षाचे साक्षीदार होते. अपील चाललें तेव्हां संस्थेनें आपल्या संगणकाच्या निर्दोषपणाबद्दल हिशेबतपासनिसांचा मोठा अहवाल पुढें केला. बचावपक्षानें साधी मागणी केली : मग आमच्या तज्ज्ञालाही तो संगणक पाहूं द्या. संस्थेनें नकार दिला. न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, जें दुसऱ्या पक्षाला तपासूं देत नाहीं तें पुराव्यांत घेतां यावयाचें नाहीं. आणि १९९६ च्या जुलैमध्यें शिपाई निर्दोष सुटला. तपासूं न देणाऱ्या यंत्राची साक्ष ही साक्षच नव्हे, हें तत्त्व मला त्या ४६० पौंडांहून फार मोलाचें वाटतें.

अमेरिकेंत चित्र निराळें होतें. तेथें न्यूयॉर्कच्या एका न्यायालयानें १९८० सालींच म्हटलें होतें कीं, आमचें यंत्र अचूक आहे असें बँकेनें म्हणावयाचें आणि तें खोटें असल्याचें ग्राहकानें सिद्ध करावयाचें, हें ओझें कोणालाही पेलण्यासारखें नाहीं. पुढें तेथें वादग्रस्त रकमेचा भार बँकेवरच राहिला. मग अमेरिकन बँका बुडाल्या कां? मुळींच नाहीं. नुकसान आपल्याच खिशांतून जातें म्हटल्यावर त्या सावध झाल्या. उलट ज्या इंग्लंडांत ग्राहकाची तक्रार केराच्या टोपलींत जात असे, तेथील कर्मचारी निष्काळजी झाले आणि चोऱ्या वाढल्या. यावरून अँडर्सन यांना जो धागा सांपडला, तो त्यांनीं २००१ सालच्या एका निबंधांत मांडला : संगणक असुरक्षित राहतात ते गणित कमी पडतें म्हणून नव्हे, तर ज्याच्या हातीं दुरुस्ती आहे त्याला झळ लागत नाहीं आणि ज्याला झळ लागते त्याच्या हातीं कांहीं नाहीं, म्हणून. सुरक्षितता हा अर्थशास्त्राचाही विषय आहे, ही गोष्ट तोंवर कोणीं इतक्या स्पष्टपणें सांगितली नव्हती. पुढल्याच वर्षीं, २००२ सालीं, अमेरिकेंत बर्कले येथें या विषयाची पहिली परिषद भरली व एक नवी अभ्यासशाखाच सुरू झाली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं जें परिपत्रक काढलें, त्यांत, दोष ग्राहकाचा आहे हें सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली. आणि बँकेकडे किंवा ग्राहकाकडे दोष नसून तिसऱ्याच कोणीं घाला घातला असेल, व ग्राहकानें बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविलें असेल, तर त्याचें कांहींच नुकसान धरूं नये, असें सांगितलें. घरांत ज्यांच्या नांवें कार्ड आहे त्यांनीं हे तीन दिवस ध्यानांत ठेवलेले बरे.

पुस्तकी पंडितांहून अँडर्सन निराळे कसे, हें दक्षिण आफ्रिकेंतील एका कामावरून दिसतें. तेथें वर्णभेदाची राजवट संपून १९९४ सालीं नेल्सन मंडेला यांचें सरकार आलें, आणि गरिबांच्या लाखों घरांत वीज नेण्याचा संकल्प झाला. पण ज्यांना कायमचा पत्ता नाहीं, बँकेंत खातें नाहीं, त्यांच्याकडून बिल वसूल कसें करावें? तेव्हां आगाऊ पैसे भरून वीज घेण्याचीं मीटरें निघालीं. दुकानांतून वीस आंकड्यांची चिठ्ठी घ्यावी, ते आंकडे मीटरवर दाबावे, तेवढी वीज मिळावी. ते वीस आंकडे म्हणजे गुप्तलेखनाचाच एक तुकडा. दुसऱ्याच्या मीटरला ते चालत नाहींत आणि एकदां वापरले कीं पुन्हां चालत नाहींत. या व्यवस्थेच्या आंखणींत अँडर्सन यांचा सल्ला होता. आणि येथेंही गूढलेखन टिकलें, फसलें तें भलतेंच. एका जातीच्या मीटरांत असा दोष राहिला होता कीं, विजेचा दाब विशिष्ट मर्यादेपर्यंत उतरला म्हणजे मीटरमध्यें आपोआप भरपूर पैसे जमा दिसत. हें कळल्याबरोबर पोरांनीं काय करावें? ११००० व्होल्टच्या तारांवर लोखंडी सांखळ्या फेंकून दाब खालीं आणावयास आरंभ केला, म्हणजे साऱ्या वस्तीचीं मीटरें एकदम भरलीं! चाळीस वर्षें मुलांत काढलेल्या मला या गोष्टीचें नवल वाटलें नाहीं; जीवावरच्या त्या खेळाची भीति मात्र वाटली.

वैद्यांच्या कागदपत्रांचेंही काम त्यांनीं अंगावर घेतलें. सरकारनें साऱ्या रोग्यांचीं टिपणें एका जाळ्यांत आणण्याचें ठरविलें, तेव्हां ब्रिटिश वैद्यकसंघानें अँडर्सन यांच्याकडून नियम लिहवून घेतले. १९९६ च्या जानेवारींत ते प्रसिद्ध झाले. नऊ नियमांचा इत्यर्थ एवढाच कीं, प्रत्येक टिपण कोण पाहूं शकतो याची नांवनिशी असावी, आणि ती रोग्याला ठाऊक असावी. डॉक्टरला सांगितलेली गोष्ट कचेरींतल्या दहा जणांना कळणार असेल, तर रोगी डॉक्टरलाही खरें सांगणार नाहीं. सरकारशीं त्यांचें या विषयावर अनेक वर्षें वाजत राहिलें.

शुद्ध गूढलेखनांतही त्यांचा हात चांगला चाले. १९९७ सालीं अमेरिकेच्या सरकारी मानक-संस्थेनें, जगानें वापरावी अशी नवी गूढलेखनपद्धति निवडण्यासाठीं खुली स्पर्धा जाहीर केली. पंधरा पद्धति पुढें आल्या. इस्रायलचे एली बिहाम व डेन्मार्कचे लार्स नुडसेन यांच्यासह अँडर्सन यांनीं पाठविलेली "सर्पेंट" म्हणजे "सर्प" ही पद्धति शेवटच्या पांचांत आली. सर्प मूळ मजकुराला बत्तीस वेळां पिळतो. सोळा पिळांत काम भागेल असें कर्त्यांनाच वाटत होतें, पण उद्यांच्या शत्रूचा भरंवसा काय, म्हणून दुप्पट. संशोधकांनीं मतें दिलीं त्यांत बेल्जियमच्या "राइनडाल" पद्धतीला ८६ व सर्पाला ५९ मिळालीं, आणि २००० च्या ऑक्टोबरांत राइनडालची निवड झाली. ती वेगवान होती, हें खरें. ज्यांच्या हातांत पुढें पन्नास वर्षें कागद जपून ठेवण्याचें काम आहे, त्यांना सर्पाचा संथपणा परवडला असता, असें आपलें मला वाटतें. पण बाजाराला वेग लागतो.

२००६ सालापासून इंग्लंडांत काळ्या पट्टीऐवजीं चिप बसविलेलीं कार्डें व पिन यांची सक्ती झाली. आतां सारें अभेद्य, अशी ग्वाही देण्यांत आली. अँडर्सन यांच्या प्रयोगशाळेंतील तरुणांनीं २००७ च्या आरंभीं दुकानांत असतें तसलें कार्ड वाचण्याचें एक यंत्र उघडलें, त्याचें पोट बदललें आणि त्याच्या इवल्याशा पडद्यावर "टेट्रिस" नांवाचा पोरांचा खेळ चालू करून दाखविला! हंसण्यासारखी गोष्ट, पण बाहेरून जसेंच्या तसें दिसणारें यंत्र आंतून कोणाचें आहे हें ग्राहकाला कळूंच शकत नाहीं, एवढें त्यांतून सिद्ध झालें.

खरा घाव पडला २०१० सालीं. स्टीव्हन मर्डॉक, सार ड्रिमर, माईक बाँड व अँडर्सन या चौघांनीं दाखविलें कीं, चोरलेलें चिपचें कार्ड पिन ठाऊक नसतांनाही चालवितां येतें. यांतली युक्ति लग्न जुळविणाऱ्या लबाड मध्यस्थासारखी आहे. दुकानाचें यंत्र कार्डाला विचारतें, "हा पिन बरोबर आहे कां?" कार्डानें "बरोबर" म्हटलें कीं व्यवहार पुढें जातो. पण हें "बरोबर" कोण म्हणालें, याची खातरी करण्याची तजवीज त्या संभाषणांत नव्हती. चोरानें मध्यें एक तबकडी घातली. ती यंत्राला सांगे, "पिन बरोबर आहे"; आणि तिकडे कार्डाला भासवी कीं, "येथें पिन मागितलेलाच नाहीं, गिऱ्हाइकानें सही केली आहे." वधूपक्षाला एक, वरपक्षाला दुसरें! दोन्हीं पक्ष प्रामाणिक, दोघेही समाधानी. पावतीवर मात्र छापून येई, "पिन पडताळला". आणि तोच कागद पुढें करून बँक म्हणे, पिन वापरला गेला आहे, तेव्हां दोष ग्राहकाचा. फेब्रुवारींत बी.बी.सी.नें हा प्रयोग दूरचित्रवाणीवर दाखविला. बँकांच्या बाजूनें सांगण्यांत आलें कीं, हें प्रयोगशाळेंत ठीक, चोरांना जमण्यासारखें नाहीं. पुढें फ्रान्समध्यें असें उघडकीस आलें कीं, चोरलेल्या चाळीस कार्डांच्या चिपांवर दुसरी चिप नाजूकपणें डकवून एका टोळीनें सहा लक्ष युरोंच्या आसपास रक्कम उडविली होती. २०११ सालचें हें प्रकरण. क्ष-किरणांनीं पाहिल्यावर एकावर एक बसलेल्या दोन चिपा दिसल्या. युक्ति तीच, केंब्रिजची.

याच विषयावर त्यांच्या एका विद्यार्थ्यानें पदवीचा प्रबंध लिहिला आणि असें एक हातांत मावणारें उपकरण बनविलें कीं, जें कार्ड व यंत्र यांचें संभाषण ऐकतें. त्यानें ग्राहकाला खरी रक्कमही पाहतां यावी. २०१० च्या डिसेंबरांत कार्ड चालविणाऱ्या बँकांच्या संघानें विद्यापीठाला पत्र लिहिलें कीं, हा प्रबंध लोकांच्या नजरेंतून काढून टाकावा. नाताळच्या आदल्या दिवशीं अँडर्सन यांनीं उत्तर धाडलें. त्याचा आशय असा : हें विद्यापीठ इरॅस्मसचें, न्यूटनचें आणि डार्विनचें आहे, बलवानांना रुचत नाहीं म्हणून लेखन दडपणें आमच्या रक्तांत नाहीं. आपण पत्र लिहिलें हें बरें केलें. आतां हा प्रबंध विभागाचा अधिकृत अहवाल म्हणून प्रसिद्ध करण्यास मीं मान्यता दिली आहे, म्हणजे तो लोकांना शोधण्यास आणि उद्धृत करण्यास सोपा जाईल! मऊ शब्द वापरण्याची या गृहस्थांना संवय नव्हती, आणि त्यामुळें त्यांनीं शत्रूही पुष्कळ केले. पण विद्यार्थ्यामागें असा उभा राहणारा शिक्षक पाहिला कीं, त्या पेशांतल्या माणसाचा ऊर भरून येतो.

त्यांच्या कार्याचा एक धागा भारतांतही येऊन पोंचतो. २००८ सालीं धर्मशाळा येथें दलाई लामांच्या कचेरींतील मंडळींना संशय आला. एखाद्या परदेशी मुत्सद्द्याला भेटीचें निमंत्रण संगणकावरून जाई, आणि कचेरींतून त्याला दूरध्वनि जाण्यापूर्वींच चीन सरकारकडून त्याला भेट न घेण्याची सूचना पोंचलेली असे. निमंत्रण वाचलें कोणीं? अँडर्सन यांचे सहकारी शिशिर नागराज सप्टेंबरांत तेथें जाऊन तपास करूं लागले. आढळलें तें असें : भिक्षूंना आपल्याच ओळखीच्या माणसाकडून आल्यासारखीं पत्रें येत, विषयही नेहमींचाच असे, सोबतचा कागद उघडला कीं यंत्र परक्याच्या ताब्यांत जाई. कोण कोणाशीं काय बोलतो याची आधीं टेहळणी करून मग हीं पत्रें रचलेलीं होतीं. २००९ च्या मार्चमध्यें नागराज व अँडर्सन यांनीं आपला अहवाल प्रसिद्ध केला, आणि या कृत्यामागें चीनचे सरकार आहे असें उघड नांव घेऊन लिहिलें. त्याच सुमारास टोरोंटोच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या जोड-अहवालांत १०३ देशांतील १२९५ यंत्रें बाधित झाल्याची नोंद होती. त्यांनीं मात्र सरकारवर थेट बोट ठेवलें नाहीं. भाबड्या मनाच्या भिक्षूंनींच नव्हे, कोणत्याही कचेरीनें यापुढें आलेला प्रत्येक कागद उघडतांना विचार करावा, असे तें प्रकरण होतें.

त्याच वर्षीं ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. २०१५ सालीं ब्रिटिश संगणकसंस्थेचें लव्हलेस पदक त्यांना मिळालें. "सिक्युरिटी इंजिनिअरिंग" हा त्यांचा जाडजूड ग्रंथ २००१ सालीं निघाला. २००८ व २०२० सालीं त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या झाल्या. बँकेचें यंत्र, विजेचें मीटर, रोग्याचें टिपण, अण्वस्त्रांचें कुलूप, सारे विषय त्यांत एका पंक्तीला बसले आहेत. प्रकाशकाशीं बोलून तो लोकांना फुकट वाचतां यावा अशी व्यवस्था त्यांनीं करून घेतली. फावल्या वेळांत ते स्कॉटलंडची मशकबीन वाजवीत, आणि त्या वाद्याच्या जुन्या संगीताचा संग्रह करीत.

शेवटचें भांडण स्वतःच्याच विद्यापीठाशीं झालें. केंब्रिजमध्यें सदुसष्टाव्या वर्षीं सक्तीनें निवृत्त व्हावें असा नियम होता. अंगांत बळ आणि हातांत काम असलेल्या माणसानें केवळ जन्मतारखेमुळें घरीं कां बसावें, असा अँडर्सन यांचा प्रश्न. (मी वेळेवर निवृत्त झालों आणि सुखांत आहें, पण माझ्या हातीं चिपा उघडणारे शिष्य नव्हते.) नियमाविरुद्ध त्यांनीं सभा घेतल्या, पत्रकें काढलीं, सहकाऱ्यांच्या सह्या मिळविल्या. २०२१ पासून ते एडिंबरो विद्यापीठांतही अर्धवेळ प्राध्यापक होते, कारण तेथें असा नियम नव्हता. २०२३ च्या शरद ऋतूंत केंब्रिजमधील त्यांचें पद नियमाप्रमाणें संपलें. २८ मार्च २०२४ रोजीं केंब्रिज येथें राहत्या घरीं त्यांचें निधन झालें. निवृत्तीचा नियम बदलावा म्हणून चालविलेली त्यांची मोहीम तेव्हां चालूच होती.